ड्रिलविना दंतरक्षण : उपाय हाताशी, धोरण मागे

टूथपेस्ट व टूथब्रशवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. हा निर्णय घरखर्चातील दिलासा म्हणून मांडला गेला असला, तरी त्याचे मोल सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही तपासले पाहिजे. दातांची कीड आरंभीच रोखण्याचे सर्वांत सुलभ साधन फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट हेच आहे.

दाताचे बाह्य कवच, म्हणजे इनॅमल, मुख्यत्वे कॅल्शियम व फॉस्फेटच्या स्फटिकांचे बनलेले असते. साखरेपासून जिवाणू आम्ल तयार करतात. दातालगतचा सामू साधारणतः 5.5 च्या खाली गेला, की खनिजे विरघळू लागतात आणि पांढुरका डाग उमटतो. पृष्ठभाग अखंड असेपर्यंत लाळेतील खनिजे ही झीज भरून काढू शकतात. फ्लोराइड या पुनर्खनिजीकरणाला गती देते. खड्डा पडल्यानंतर मात्र गेलेला भाग परत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट व सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. यांपैकी दुसरे द्रव्य पडलेल्या खड्ड्यातील कीड थोपवते. मात्र किडलेला भाग काळा पडतो.

भारतापुढील पेच निराळा आहे. येथील नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण 1000 पीपीएमहून अधिक असू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 1000 ते 1500 पीपीएमची आहे. म्हणजे तेथील किमान पातळी ही येथील कमाल मर्यादा ठरते. राजस्थान, तेलंगणासारख्या राज्यांतील भूजलात फ्लोराइड अधिक असल्याने सावधगिरी अनाठायी नाही. तथापि, पिण्याचे पाणी पोटात जाते, तर टूथपेस्ट थुंकली जाते. लहान मुले ती गिळण्याचा धोका प्रमाण आवरून कमी करता येतो : तीन वर्षांखालील बालकांना तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दातांची तपासणी अंतर्भूत आहे. ती केवळ खड्डे मोजण्यापुरती न राहता पांढरे डाग हेरणारी झाली आणि त्या मुलांना ब्रशने काही मिनिटांत लावता येणारे फ्लोराइड वार्निश मिळाले, तर पुढील वेदना व खर्च बव्हंशी टळेल. करकपातीने पेस्टवरील कराचा भार हलका केला. डाग वेळेवर ओळखण्याची जबाबदारी आरोग्ययंत्रणेची आहे.