आंब्याचा मोहोर, संप्रेरके आणि बागमालकाचे कर्तव्य

पावसाळा सरला की कोकणातील हापूसच्या बागेत एकच प्रश्न असतो : यंदा शेंड्यांवर मोहोर येणार की पालवी? हापूस हे बहुधा वर्षाआड फळणारे झाड आहे. एका वर्षी भरघोस पीक आले की पुढील वर्ष रिकामे जाण्याचा संभव फार. ह्या अडचणीवर पॅक्लोब्युट्राझोल नावाचे द्रव्य उपाय म्हणून पुढे आले, त्यास तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यामुळे अनेक बागाईतदारांच्या उत्पन्नास स्थैर्य आले, हे निर्विवाद आहे. तथापि कराराने दिलेल्या काही बागांत हे द्रव्य ज्या रीतीने ओतले जाते, ती रीत झाडाच्या मुळावर येणारी आहे. ह्या उपायाचे माप आणि त्याची नोंद बागमालकाने स्वतःच्या हाती ठेवली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पटण्यासाठी झाड फुलते कसे, हे प्रथम पाहू.

वनस्पतीच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात तयार होऊन वाढ, फूल व फळ यांचे नियमन करणाऱ्या द्रव्यांस संप्रेरके म्हणतात. जिबरेलिन हे त्यांपैकी एक होय. त्याचा शोध भाताच्या एका रोगापासून लागला. ह्या रोगात रोपे भराभर उंच व किरटी होतात आणि दाणा न भरताच मरतात. एका बुरशीच्या स्रावामुळे असे घडते, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविले व १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्यास जिबरेलिन हे नाव दिले. पुढे असे कळले की, हेच द्रव्य निरोगी वनस्पतीही स्वतः तयार करते आणि त्यावर तिची वाढ अवलंबून असते.

फुलण्याची आज्ञा कोठून येते, हा दुसरा प्रश्न. ती पानात तयार होऊन शेंड्याकडे जात असावी, असे रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३७ च्या सुमारास मांडले आणि त्या अज्ञात द्रव्यास ‘फ्लोरिजेन’ म्हटले. ते द्रव्य हाती लागण्यास सत्तर वर्षे जावी लागली. पानातील एका जनुकाच्या सूचनेनुसार एक लहानसे प्रथिन तयार होते व ते रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जाऊन तेथील डोळ्याचे फुलात रूपांतर घडविते, हे २००७ साली भात व दुसऱ्या एका वनस्पतीत सिद्ध झाले. जनुक म्हणजे बीजातून पुढील पिढीस मिळणारी गुणांची सूचना. आंब्याच्या पानांतही ह्याच जातीचे जनुक आढळले असून थंडीत त्याचे कार्य वाढते.

बागेतील जुना अनुभव ह्यावरून उलगडतो. शेंड्यावरील पालवी जून झाली आणि रात्री थंड पडू लागल्या, म्हणजे जून पानांतून फुलण्याचा संदेश निघतो. पाऊस लांबून ऑक्टोबरात नवी पालवी फुटली, तर तिची पाने कोवळी असल्याने मोहोर लांबतो. शेंड्यात जिबरेलिनचे प्रमाण अधिक असले, तर तो संदेश निष्प्रभ होतो. झाडावर फळे लदलेली असता त्यांच्या बीजांतून जिबरेलिन निर्माण होते, शिवाय फळे पोसण्यात झाडाचा अन्नसाठाही खर्ची पडतो. भरघोस पिकानंतर येणाऱ्या रिकाम्या वर्षाची ही दोन प्रमुख कारणे होत.

पॅक्लोब्युट्राझोलचे कार्य एवढेच की, ते झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही. वाटेतील अडसर त्याने दूर होतो. फुलण्याचा संदेश मात्र पानांनीच द्यावयाचा असतो आणि फळ साठविलेल्या अन्नावरच पोसावयाचे असते. रोगट, उपाशी किंवा पानगळ झालेल्या झाडास हे द्रव्य देणे, म्हणजे थकलेल्या बैलास पेंड न घालता चाबूक मारण्यासारखे आहे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूससाठी ह्याचे प्रमाण निश्चित केले आहे. झाडाच्या विस्ताराची पूर्व-पश्चिम व दक्षिणोत्तर लांबी मोजून सरासरी व्यास काढावा आणि दर मीटरास पाऊण ग्रॅम मूळ द्रव्य, म्हणजे २५ टक्के तीव्रतेच्या औषधाचे ३ मिलिलिटर, असा हिशेब करावा. ८ मीटर व्यासाच्या झाडास २४ मिलिलिटर पुरे होते. तेवढे औषध ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळावे. बुंधा व विस्ताराची कड यांच्या मधोमध वर्तुळाकार २५ ते ३० लहान खड्डे सुमारे १० ते १२ सेंटिमीटर खोल घ्यावेत व त्यांत द्रावण सारखे विभागून ओतावे. १५ जुलै ते १५ ऑगस्ट हा त्याचा काळ होय. तत्पूर्वी झाडाखालील तण काढावे. दहा वर्षांच्या आतील कलमांस हे द्रव्य देऊ नये. ज्या झाडांस ते दिले, त्यांस शेणखत व रासायनिक खतांची पूर्ण मात्रा मिळालीच पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हे द्रव्य जमिनीत अनेक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ टिकून राहते. यंदाची मात्रा विरण्यापूर्वीच पुढील वर्षी तितकीच किंवा अधिक ओतली, तर जमिनीत ते साचत जाते. मग पेरी आखूड होतात, पाने लहान व वेडीवाकडी निघतात, मोहोराचे तुरे गच्च व बुटके येतात, नवी पालवी फुटेनाशी होते. ‘अति तेथे माती’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. एक-दोन वर्षांच्या कराराने बाग घेणाऱ्या व्यापाऱ्यास ह्या परिणामांची झळ लागत नाही. करार संपतो, तो निघून जातो. मागे उरते ते वाळकी टोके मिरविणारे झाड आणि त्यावर पुढील वीस-तीस वर्षे अवलंबून असणारे बागमालकाचे कुटुंब.

करार करणारे म्हणतात, “आम्ही आगाऊ पैसा देतो, फवारणी व राखण करतो; पीक हुकले तर भरपाई कोण देणार?” ह्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अधिक मात्रेने अधिक आंबे येतात, हा समज चुकीचा आहे. जिबरेलिनची निर्मिती रोखली गेल्यावर त्यापुढील प्रत्येक थेंब झाडाच्या वाढीवरच घाला घालतो. योग्य मात्रेने व्यापाऱ्याचेही नुकसान होत नाही.

जिबरेलिन हे सर्वकाळ शत्रू आहे, असेही समजू नये. मोहोर येऊन फळ धरल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत थंडी वाढली, तर त्याच शेंड्यांवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची लहान फळे गळतात. अशा पुनर्मोहोरास आवर घालण्यासाठी विद्यापीठाने जिबरेलिक आम्लाचीच फवारणी सुचविली आहे : २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, एकदा मोहोर पूर्ण उमलला असता व दुसऱ्यांदा फळे वाटाण्याएवढी झाली असता. जे संप्रेरक जुलैत नको, तेच फेब्रुवारीत उपकारक ठरते. म्हणून अवस्था व काळ न पाहता कोणतीही बाटली रिती करू नये.

वर्षाआड फळण्याची खोड हापूसच्या जनुकांतच आहे आणि कलमाने ती जशीच्या तशी पुढे जाते. बीजसंकराने मात्र तीत पालट होऊ शकतो. नियमित फळणाऱ्या नीलमशी हापूसचा संकर करून विद्यापीठाने १९८१ साली ‘रत्ना’ ही जात दिली. ती दरवर्षी फळते आणि तिच्या फळात साका होत नाही. नवी लागवड करणाऱ्यांनी सर्व जमीन एकट्या हापूसखाली न घालता काही भाग अशा जातींस द्यावा, म्हणजे औषधावरचा भार तितकाच हलका होईल.

बागमालकांनी करारपत्रात तीन गोष्टी अवश्य लिहून घ्याव्यात : द्रव्य मालकाच्या समक्ष व मोजून दिले जाईल, प्रत्येक झाडाचा व्यास, मात्रा व तारीख वहीत नोंदली जाईल, दुर्बल व कोवळी झाडे वगळली जातील. नवा करारदार आला, तर त्याने मागील वही पाहिल्याखेरीज मात्रा ठरवू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जुलैपूर्वी गावात बैठक घेऊन एका झाडाचे माप सर्वांसमक्ष काढून दाखवावे आणि अशी वही घरोघर सुरू होईल, हे पाहावे. वहीस खर्च थोडा येतो. परंतु एकदा खचलेले पन्नास वर्षांचे कलम पैशाने विकत मिळत नाही.