घरचा हौद

१८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळीही दलितांच्या हालांवर उसासे टाकणारे सुशिक्षित होतेच. पाणी मात्र उसाशांनी मिळत नाही. हातात जो हक्क होता, तो जोतीरावांनी दुसऱ्यालाही दिला. आपण मात्र वर्षातून एकदा जुने कपडे देऊन मोकळे होतो आणि घरकामाच्या मावशींना सोसायटीची लिफ्ट वापरू देत नाही. ही कणव फुकाची आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत मावशींसाठी लिफ्ट, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह हा विषय तुम्हीच मांडा.