विश्लेषण : बसल्यावर ठीक, जिना चढताना धाप... फुप्फुसांचे अपंगत्व मोजतात कसे?

डोंबिवली एमआयडीसीतील २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट साऱ्या राज्याने पाहिले. कारखान्यातील धुळीने फुप्फुसांची होणारी हानी मात्र आवाज करत नाही. ती अनेकदा नोकरी सुटल्यावर उघड होते आणि भरपाईचे प्रकरण एका आकड्यावर अडते. कमाईची क्षमता नेमकी किती घटली? ठाणे ते कल्याण या कारखानदारी पट्ट्यातील कामगारांसाठी म्हणूनच ‘व्यायाम चाचणी’ महत्त्वाची ठरते.

कायदा काय सांगतो?

सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस आणि कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हे आजार कामगार भरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. भरपाईच्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत. अंगठा तुटला तर ३० टक्के, असे कायद्यातच लिहिलेले आहे. फुप्फुसांसाठी असा तयार तक्ता नाही. तिथे वैद्यकीय मूल्यमापनावरच सारे अवलंबून असते.

साधी फुंकर चाचणी पुरेशी का नाही?

स्पायरोमेट्रीत रुग्ण बसून जोरात फुंकतो. त्यातून फुप्फुसांची हवा धरण्याची आणि सोडण्याची क्षमता कळते. पण अ‍ॅस्बेस्टॉसिसच्या सुरुवातीला बसलेल्या स्थितीतील आकडे ठीक दिसू शकतात आणि श्रम करताच रक्तातील ऑक्सिजन घसरतो. उलट, धाप हृदयविकार, लठ्ठपणा किंवा रक्तक्षयामुळेही लागते. त्यामुळे तक्रार आणि अहवाल जुळत नसतील, तर व्यायाम चाचणी उपयोगी पडते.

चाचणी कशी होते?

रुग्णाला मास्क लावून स्थिर सायकलवर किंवा ट्रेडमिलवर चालवले जाते. भार हळूहळू वाढवतात. साधारण ८ ते १२ मिनिटांत ईसीजी, ऑक्सिजनची पातळी आणि श्वासातील वायू मोजले जातात. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हा कळीचा आकडा. त्याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. रुग्णाने पूर्ण जोर लावला की नाही, याचाही अंदाज या नोंदींवरून येतो.

आकड्यांचा अर्थ काय?

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या १९८६ च्या निकषांनुसार, दर किलो वजनामागे मिनिटाला २५ मिलिलिटर किंवा अधिक ऑक्सिजन वापरता आला, तर बहुतेक जड कामे जमतात. आकडा १५ ते २५ दरम्यान असेल, तर कामाचे स्वरूप पाहावे लागते. पूर्ण पाळीभर माणूस कमाल क्षमतेच्या सुमारे ४० टक्केच श्रम सोसू शकतो, असे मानले जाते. म्हणजे २० मिलिलिटर क्षमतेच्या कामगाराला ८ मिलिलिटरचे काम पेलते. बसून करायचे काम त्यात बसते, गोणी उचलण्याचे नाही. १५ च्या खाली बहुतेक नोकऱ्या अशक्य, कारण कामावर ये-जा करणेच त्रासाचे होते. डोंबिवली स्थानकाचा पूल चढून गर्दीची लोकल पकडणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मर्यादा कोणत्या?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांची ही चाचणी करत नाहीत. यंत्रणा महाग असून प्रशिक्षित डॉक्टर लागतात. सहा मिनिटे चालण्याची चाचणी स्वस्त असली, तरी धापेचे कारण ती सांगत नाही. शिवाय व्यायाम चाचणी क्षमता मोजते. आजार कामामुळेच झाला हे सिद्ध करायला एक्स-रे आणि नोकरीचा इतिहास लागतोच.

नोंदी का जपायच्या?

अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कामगारांच्या आरोग्य नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यातील जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचे आदेशही दिले. कारखाना बंद पडला की कागदही हरवतात. त्यामुळे हजेरी कार्ड, वेतन पावत्या आणि जुने एक्स-रे कामगाराने स्वतःकडे ठेवणेच शहाणपणाचे.