दोष बीडच्या नेटचा नव्हे

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड घेऊन तो आपल्या संगणकावर बिल्ड करू पाहणाऱ्या बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याचे काम परकी पॅकेजे डाउनलोड होताना अडले, की त्याला मोठ्या तत्परतेने सल्ले मिळतात. इकडचे नेटच खराब, तेव्हा पुन्हा पुन्हा प्रयत्न कर. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची आणि फाइलच्या चेकसमची तपासणी बंद करून पुढे सरक. आणि तेही साधले नाही तर ही उठाठेव सोडून तयार सॉफ्टवेअर घे. हे सल्ले सद्भावनेने दिले जातात हे मान्य करूनही ते त्याज्य आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिब्रेऑफिसचा दाखला घेऊ. 2010 साली ओपनऑफिसपासून विभक्त झालेल्या या प्रकल्पात देवनागरी जोडाक्षरे पडद्यावर यथायोग्य जुळवण्याचे काम हार्फबझ नावाची, निराळ्याच मंडळींनी लिहिलेली लायब्ररी करते. जोडाक्षरांतील एखादा दोष आपण दुरुस्त करावा या उमेदीने मुकुंदराजांच्या समाधीमुळे ख्यात असलेल्या अंबाजोगाईतील एखादी मुलगी बिल्ड सुरू करते, तेव्हा हार्फबझ, आयसीयू अशी अनेक परकी पॅकेजे प्रथम उतरवावी लागतात. त्या प्रत्येकाचे नाव आणि शा-256 चेकसम (फाइलच्या आशयावरून काढलेला ठसा) प्रकल्पाच्या एका यादीत नोंदलेला असतो, आणि उतरलेल्या फाइलची त्या नोंदीशी रुजवात पटली नाही, तर काम तेथेच थांबते.

आता ‘नेट खराब’ या निदानाचा विचार करू. वीज गेली, रेंज तुटली आणि फाइल अर्धीच उतरली, असे घडते, नाही असे नाही. परंतु काही मेगाबाइटांचे पॅकेज चार-सहा किलोबाइटांचेच निघाले, तर ते टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहण्याची तसदी कितीजण घेतात? उघडले असता आत एचटीएमएलचा मजकूर दिसतो, आणि तो असतो कॉलेजच्या वायफायचे लॉगिनचे पान! प्रमाणपत्राची तपासणी कोणीतरी आधीच बंद करून ठेवल्यामुळे हे पान हार्फबझच्या नावाने विनातक्रार आत येऊन बसले. शंभर वेळा प्रयत्न केला तरी तेच पान शंभर वेळा येणार. दुसरा प्रकार जुन्या संगणकांचा. मदरबोर्डवरील बटणासारखा सेल संपलेला असतो, वीज जाऊन आली की घड्याळ दहा-बारा वर्षे मागे जाते, आणि मग प्रत्येक सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अद्याप लागू झालेले नाही’ म्हणून नाकारले जाते. येथे उपाय सेल बदलण्याचा आहे. तपासणी काढून टाकण्याचा नव्हे.

चेकसमच्या तपासणीविरुद्ध प्रतिपक्षाजवळ दोन सबळ दाखले आहेत, आणि त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी 2023 मध्ये गिटहबने आपोआप तयार होणाऱ्या संग्रहांच्या संकोचनाची पद्धत बदलली. आतील कोड तोच असूनही चेकसम बदलले, जगभरातील बिल्ड कोसळले आणि गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. यातून चेकसम निरर्थक ठरत नाही. जेथील फाइल बाइट-न्-बाइट कायम राहील अशी हमी नाही, अशा ठिकाणाहून माल घेऊ नये, इतकेच ठरते, आणि लिब्रेऑफिस ही पॅकेजे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवते ते यासाठीच. दुसरा दाखला मार्च 2024 चा : एक्सझेड या संकोचनाच्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या अधिकृत आवृत्त्यांतच घातक कोड पेरलेला आढळला. तेथे चेकसम बिनचूक जुळत होता, हे खरे. चेकसम सचोटीची जामीनकी घेत नाही. पण विषारी आवृत्ती कोणती हे जाहीर झाल्यावर ती आपल्या दफ्तरात शिरली होती की नाही, याचे खात्रीलायक उत्तर केवळ अशी नोंद ठेवणाऱ्यालाच देता येते.

तयार सॉफ्टवेअर घेण्याच्या सल्ल्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वापरणाऱ्याने ते जरूर घ्यावे. परंतु दुरुस्त करू पाहणाऱ्यास तोच उपदेश करणे म्हणजे मराठीचे दोष मराठी माणसाने दुरुस्त करूच नयेत, असे फर्मावणे होय.

मग करावे काय? उतरवणे आणि बिल्ड करणे ही दोन कामे पृथक् ठेवावीत. डेबियन या लिनक्स वितरणाने तर बिल्ड चालू असता नेटला हात लावण्यास आपल्या मुख्य संग्रहापुरती नियमानेच मनाई केली आहे. लिब्रेऑफिसमध्ये ‘मेक फेच’ या आज्ञेने सगळी पॅकेजे आधी आणून, चेकसमशी ताडून एका फोल्डरमध्ये ठेवता येतात, आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता दिला की बिल्डला नेटची गरज उरत नाही. बीड, अंबाजोगाई येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी नेट सुरळीत असेल त्या वेळी हा संग्रह एकदा उतरवून प्रयोगशाळेतील डिस्कवर ठेवावा आणि मागेल त्या विद्यार्थ्यास पेनड्राइव्हवर द्यावा; चेकसमची यादी मात्र विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या सोर्स कोडमधूनच घ्यावी, म्हणजे पेनड्राइव्ह कोणाच्या हातून आला याची चिंता राहणार नाही.

असा संग्रह लवकरच शिळा होईल, हा आक्षेप मी ऐकला आहे. यादीतील एखाद्या पॅकेजची आवृत्ती बदलली, तर तेवढी एकच फाइल नव्याने उतरते, बाकीच्या आहेत तशा उपयोगी पडतात. आणि एका फाइलपुरते नेट केज-धारूरच्या मुलालाही आपल्या मोबाइलवर मिळते.