कांदा बघून घेतात, मग क्लास का नाही?

मंडळी, आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात घोडेगावला कांद्याचा लिलाव होतो. व्यापारी आधी माल हातात घेऊन बघतो, मग बोली लावतो. ऑनलाइन शिकवण्यांचा बाजार मांडताना आपण नेमकं उलटं करतो. चकाचक डेमो, की लगेच वर्षाची फी! पैसे बाप भरतो, शिकायचं पोराने, आणि आपला डॅशबोर्ड मोजतो फक्त बापाचे पैसे. पोरगं तिसऱ्या आठवड्यात गायब झालं तरी आकडे हिरवेगार!

पालकांना कर्ज काढायला लावल्याच्या तक्रारी झालेल्या बायजूजचं मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होतं. २०२४ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

तेव्हा प्रॉडक्ट मॅनेजर लोकहो, फी महिन्याची घ्या आणि परत येणारी पोरं मोजा. जमत नसेल तर सरळ कांदे विका. तिथे निदान माल तरी दिसतो!