नोटेवरच्या गणपतीपलीकडचे जकार्ता

इंडोनेशियाविषयीचा एक संदेश मोबाईलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तेथे एवढी मोठी मुस्लिम लोकसंख्या असूनही चलनी नोटेवर गणपती आहे, विमान कंपनीचे नाव गरुड आहे आणि लोक रामायण पाहतात. मग आपल्याकडच्या मुसलमानांना काय अडचण आहे, असा त्याचा सूर असतो. याला उत्तर देणारा दुसरा संदेशही तयारच असतो. पाहा, मुसलमान बहुसंख्य असले की इतरांना कसे सांभाळतात, असे तो सांगतो. दोन्ही संदेश पाठवणाऱ्यांपैकी फार थोडे जण तेथे गेलेले असतात. जे जातात तेही बहुतेक बालीला जाऊन परततात. जकार्ता म्हणजे केवळ गर्दी, उकाडा आणि वाहतूक कोंडी, असे सहल कंपन्यांचे लोकही सांगतात.

त्या सांगण्यात तथ्य आहे. एक कोटीहून जास्त वस्तीचे हे शहर पहिल्याच दिवशी मोहून टाकेल असे नाही. तरीही पहिल्यांदा इंडोनेशियाला जाणाऱ्याने दोन-तीन दिवस जकार्तासाठी राखावेत आणि शक्य असल्यास ते रमजानमधले असावेत. मात्र जाताना दोन्ही संदेश घरीच ठेवावेत.

आधी नोटेचा हिशेब. गणपतीचे चित्र असलेली वीस हजार रुपियाची नोट 1998 मध्ये निघाली होती. तिच्यावर शिक्षणमहर्षी की हाजर देवांतारा यांची छबी होती आणि शेजारी गणपती. ती केव्हाच चलनातून गेली. आज जकार्तात पैसे बदलून घेणाऱ्याच्या हातात ती पडत नाही. पण ज्याला खुणाच शोधायच्या आहेत, त्याला नोटेची गरजही नाही. राष्ट्रीय स्मारकाजवळच्या चौकात आठ घोड्यांच्या रथावर अर्जुन आणि श्रीकृष्ण उभे आहेत. न्योमान नुआर्ता यांचे हे शिल्प 1987 पासून तेथे आहे. जवळच राष्ट्रीय संग्रहालय आहे. सयामचे राजे चुलालाँगकॉर्न यांनी 1871 मध्ये भेट दिलेला कांस्याचा हत्ती त्याच्या दारात असल्याने लोक त्याला ‘हत्तीची इमारत’ म्हणतात. आत हिंदू आणि बौद्ध मूर्तींची दालने आहेत. 2023 च्या आगीनंतर दुरुस्ती करून ते पुन्हा उघडले आहे. जुन्या शहरातल्या वायांग संग्रहालयात रामायण-महाभारतातील पात्रांच्या चामड्याच्या आणि लाकडी बाहुल्या आहेत. इस्लामचा प्रसार करणाऱ्या संतांनीच या बाहुल्यांच्या खेळाचा उपयोग करून घेतला, असे जावाची परंपरा सांगते.

या खुणांपेक्षाही खोल गेलेली गोष्ट भाषेत आहे. इंडोनेशियात रोजाला ‘पुआसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘उपवास’वरून आला. रोजाने मिळणारे पुण्य म्हणजे ‘पहाला’, मूळ शब्द ‘फल’. पाप म्हणजे ‘दोसा’, अर्थात दोष. जन्नत ‘सुर्गा’ आणि जहन्नम ‘नराका’. मशिदीतील प्रवचनात हे शब्द सहज येतात आणि ते बोलताना कोणाला आपण काही उदार करत आहोत असे वाटत नाही. ती त्यांची रोजची भाषा आहे. आपल्याकडे मराठीतही रोजा ‘धरतात’ आणि ‘सोडतात’, एकादशीचा उपवासही ‘धरतात’ आणि ‘सोडतात’. क्रियापदे एकच आहेत. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. तेव्हा हा धडा शिकण्यासाठी कोणी कोणाला जकार्ताला पाठवण्याची आवश्यकता नाही. तेथे जावे ते दुसऱ्या एका गोष्टीसाठी.

ती गोष्ट एका रस्त्याच्या दोन बाजूंना उभी आहे. एका बाजूला इस्तिकलाल मशीद, दुसऱ्या बाजूला 1901 मध्ये पूर्ण झालेले कॅथलिक कॅथेड्रल. इस्तिकलाल म्हणजे स्वातंत्र्य. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय मशीद बांधायचे ठरले तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष हट्टा यांनी वेगळी जागा सुचवली होती. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी मात्र चर्चजवळच्या याच जागेचा आग्रह धरला. 1955 च्या आराखडा स्पर्धेत फ्रेडरिक सिलाबान यांची निवड झाली. ते ख्रिश्चन होते. परीक्षकांमध्ये हमका यांच्यासारखे नामांकित धर्मपंडित होते. 1961 मध्ये पाया घातला गेला आणि 1978 मध्ये मशीद खुली झाली. घुमटाचा व्यास 45 मीटर आहे, कारण स्वातंत्र्याची घोषणा 1945 ची. दक्षिण-पूर्व आशियातील ही सर्वांत मोठी मशीद. कोणत्याही धर्माच्या पाहुण्याला ती पाहता येते. अंगभर कपडे नसतील तर वरून घालायला झगा मिळतो.

इथपर्यंतची माहिती प्रत्येक वाटाड्या सांगतो. त्याहून महत्त्वाचे आहे ते पार्किंग. नाताळला कॅथेड्रलमध्ये येणाऱ्यांची वाहने मशिदीच्या आवारात लागतात आणि ईदला मशिदीत येणाऱ्यांसाठी कॅथेड्रलचे आवार उघडते. ईद रविवारी आली म्हणून चर्चने सकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलल्याचे प्रसंग आहेत. आता रस्त्याखालून दोन्ही वास्तूंना जोडणारा भुयारी मार्ग झाला आहे. त्याचे नाव ‘सिलातुराहमी’, म्हणजे आपलेपणाने भेटणे, नाते जपणे. 5 सप्टेंबर 2024 रोजी पोप फ्रान्सिस या मार्गाला भेट द्यायला आले होते आणि इस्तिकलालचे मुख्य इमाम नसरुद्दीन उमर यांच्यासोबत त्यांनी सलोख्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. जाहीरनामे पुष्कळ निघतात. चारचाकी कुठे लावायची याचे उत्तर दरवर्षी द्यावे लागते आणि येथे ते दिले जाते.

रमजानमध्ये हीच व्यवस्था शहरभर दिसते. विषुववृत्त जवळ असल्याने रोजा दरवर्षी जवळपास सारख्याच लांबीचा, तेरा तासांहून थोडा जास्त. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधीचा वेळ फिरत, गप्पा मारत घालवण्याला तेथे ‘ङाबुबुरित’ असा खास शब्द आहे. बेनहिलच्या बाजारात ‘तकजिल’ म्हणजे इफ्तारच्या सुरुवातीचे गोडधोड मांडलेले असते. नारळाचे दूध आणि ताडाचा गूळ घालून शिजवलेली केळी-रताळी, म्हणजे ‘कोलाक’, कोकणातल्या माणसाला परके वाटणार नाही. ही खरेदी सगळेच करतात. रोजा नसलेली मंडळी आधीच येऊन चांगले पदार्थ उचलून नेतात, यावरून 2024 मध्ये दोन्हीकडून समाजमाध्यमांवर भरपूर थट्टा झाली. मेट्रोच्या डब्यात एरवी खाण्यापिण्यास मनाई आहे. रमजानमध्ये मगरीबच्या वेळी पाणी आणि खजूर घेऊन रोजा सोडण्यापुरती सवलत मिळते. इस्तिकलालमध्ये रोज हजारो लोकांना मोफत इफ्तार दिली जाते. सणापूर्वी कामगाराला जादा भत्ता देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे आणि तो कोणत्याही धर्माच्या कामगाराचा हक्क आहे. प्रवाशाने एवढेच ध्यानात ठेवावे, की ईदच्या आठवड्यात लाखो लोक गावी जातात. त्या दिवसांत गाड्यांना जागा नसते आणि दुकाने बंद असतात.

हे सारे वाचून जकार्ता म्हणजे स्वर्ग, असे कोणी समजू नये. जुन्या शहरात डचांचे 1710 चे नगरभवन आता इतिहास संग्रहालय आहे. त्याच्या तळघरातल्या कोठड्या पाहिल्या की बटाव्हिया कशावर उभी होती हे कळते. 1740 मध्ये या शहरात हजारो चिनी मारले गेले. मे 1998 च्या दंगलीत ग्लोडोक या चिनी वस्तीतली दुकाने पुन्हा जळाली. एप्रिल 1999 मध्ये इस्तिकलालमध्ये बॉम्ब फुटला आणि 2000 च्या नाताळच्या आदल्या रात्री समोरच्या कॅथेड्रलजवळही फुटला. 2017 मध्ये शहराचे ख्रिश्चन गव्हर्नर बासुकी चहाया पुर्नामा यांना धर्मनिंदेच्या आरोपाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. ज्यांना इंडोनेशियाचा दाखला देऊन आपली बाजू मोठी करायची असते, ते हा भाग वगळतात.

पण त्याच नाताळच्या रात्री पूर्व जावातील मोजोकर्तो येथे रियांतो नावाचा तरुण चर्चबाहेर पहाऱ्यावर होता. तो नहदलातुल उलमा या 1926 मध्ये स्थापन झालेल्या मुस्लिम संघटनेच्या युवा दलाचा स्वयंसेवक. चर्चमध्ये सापडलेला बॉम्ब लोकांपासून दूर नेताना तो त्याच्याच हातात फुटला. त्यात तो गेला. रमजानचा महिना संपत आला होता. तीन-चार दिवसांवर ईद होती.

त्या देशात माणसे जात्याच अधिक सहिष्णू आहेत, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. तेथेही द्वेष आहे आणि त्याच्याविरुद्ध रोज काम करावे लागते. कोणीतरी जागा ठरवावी लागते, वेळ बदलावी लागते, फाटक उघडावे लागते, रात्री पहारा द्यावा लागतो. शेजाऱ्याच्या हक्काला इस्लामने फार वरचे स्थान दिले आहे आणि शेजारधर्म हा शब्द मराठी घराघरांत आहे. दोन्हीकडे शब्दांची वाण नाही.

आपल्या गावांतही मशीद आणि मंदिर एकाच गल्लीत असते, एकाच चौकातून मिरवणूकही जाते आणि तरावीहची गर्दीही. सणांच्या आधी शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, फोटो छापून येतो. त्या बैठकीत कोणाचे मैदान कोणाच्या वाहनांसाठी उघडायचे, कोणती वेळ अर्धा तास मागेपुढे करायची, स्वयंसेवकांची नावे कोण देणार, एवढे तीन प्रश्न जरी लिहून ठरले, तरी बरेच काही होईल. इंडोनेशियाचा दाखला द्यायचाच असेल तर नोटेचा देऊ नये. इस्तिकलालच्या फाटकाचा द्यावा.