सपाट केलेले रान

चकली मोडता मोडता हा अंक चाळणाऱ्या वाचकाला एका मास्तराने संगणकावरच्या खेळांविषयी चार शब्द ऐकवावेत, हे पुष्कळांना रुचणार नाही. मास्तराने फार तर त्या खेळांचे दुष्परिणाम सांगावेत: डोळे, पाठ, अभ्यास आणि झोप. तसा निबंध दरवर्षी कोणी ना कोणी लिहितोच. मी तो लिहिणार नाही. हे खेळ मुलांना बिघडवतात अशी माझी तक्रार नसून, हे खेळच कोणी बिघडवले अशी माझी तक्रार आहे. आणि बिघडवणाऱ्यांचा शहाजोगपणा असा, की हे आम्ही तुमच्या स्वातंत्र्यासाठी केले, असे ते वर आम्हांलाच ऐकवतात!

ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून शिरलेले नाही, त्यांच्यासाठी आधी खेळाची मांडणी सांगतो. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच कल्पित जगात उतरतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा. श्वापदे मारावीत, लोकांची कामे करून द्यावीत, त्यातून अनुभव साठावा आणि तो पुरेसा झाला की एक पायरी वर चढावे. ह्या पायरीला मुले लेव्हल म्हणतात. अमेरिकेत २३ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ह्या जातीतला फार गाजलेला खेळ. प्रारंभी त्यात ६० पायऱ्या होत्या.

परंतु खरी गंमत पायऱ्यांत नव्हती, भूगोलात होती. माणसाच्या वंशातला नवखा खेळाडू एल्विन फॉरेस्ट नावाच्या हिरव्यागार रानात सुरुवात करी. ते रान पहिल्या दहा पायऱ्यांचे. पश्चिमेला नदीपलीकडे वेस्टफॉलची सुकलेली शेते. तेथे दहाव्या पायरीनंतर जावे. पूर्वेला रेडरिजचे डोंगर, ते त्याहून कठीण. आणि दक्षिणेची नदी ओलांडली की डस्कवुड, जेथे दिवसाही काळोख. मात्र ह्या मुलुखांमध्ये भिंत नव्हती, कुलूप नव्हते, परवाना मागणारा पहारेकरी नव्हता. पहिल्याच तासाला वाटले, तर खुशाल डस्कवुडात जावे. गेलात, की तेथला लांडगा समोर येई आणि त्याच्या नावापाशी आकड्याऐवजी एक कवटी दिसे. शत्रू दहा पायऱ्या वरचा असला म्हणजे खेळ त्याचा आकडा सांगण्याच्या भानगडीतच पडत नसे. बरोबरीच्या शत्रूचा आकडा पिवळा, थोडा वरचा असला तर नारिंगी, फार वरचा तर लाल. आपण त्याला मागे टाकले की हिरवा, आणि शेवटी करडा. चार दिवसांत ही रंगांची भाषा अंगवळणी पडे.

ह्याला मी मोकळे रान म्हणतो. तुम्हाला कोणी अडवत नाही. परंतु रानाचेही तुमच्याविषयी काही मत असते.

एल्विनच्या नैऋत्येला हॉगर नावाचा तरसाच्या तोंडाचा एक म्होरक्या राहत असे. पायरी अकरावी, पण प्रकृती अशी की एकट्या नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. लोक जात आणि मरत. मग तिघेचौघे अनोळखी, नुकतेच मरून परत आलेले, त्याच टेकाडापाशी भेटत आणि न बोलता एकमेकांबरोबर चालू लागत. ह्या हॉगरची कीर्ती इतकी वाढली की पुढे पहिल्याच पायरीवरच्या खेळाडूंच्या झुंडी निव्वळ त्याच्यावर चालून जाण्यासाठी जमू लागल्या. डस्कवुडात तर याहून मौज. तेथे एक म्हातारा मुडदेफरास खेळाडूकडून एकेक कामगिरी करवून घेतो, आणि अखेर त्या सामग्रीतून शिवलेले एक अवाढव्य प्रेत, त्याचे नाव स्टिचेस, डार्कशायर गावाच्या रस्त्याने चालू लागते. ते त्या एकाच खेळाडूपुरते नसे. रस्त्यावर त्या वेळी जो असेल, त्याची गाठ पडे. कोणाचा उपद्व्याप, आणि भोगावे कोणी! पण त्यामुळेच तो रस्ता रस्ता वाटे. आणि अशा वेळी मागून एखादा चाळिसाव्या पायरीचा स्वार आला, घोड्यावरून उतरला, दोन घाव घालून तुम्हाला सोडवून निघून गेला, तर त्याचे नाव पुढे कित्येक दिवस लक्षात राही.

ह्या रानावर वरवंटा फिरवणाऱ्या युक्तीचे नाव लेव्हल स्केलिंग. तुम्ही ज्या पायरीवर, त्याच पायरीवर शत्रू. तुम्ही चढलात की तोही चढतो. शिंप्याने अंगाला बेतून कपडा शिवावा, तसा अंगाला बेतून लांडगा. एकट्याने खेळावयाच्या ‘ऑब्लिव्हियन’ ह्या २००६ सालच्या खेळात ह्याचे पुरते हसे झाले होते. खेळाडू वर चढत गेला की आडरानातले फाटके दरोडेखोरही राजेरजवाड्यांना परवडू नये असे चिलखत घालून येत, आणि अशा थाटात वाटमारी करून मागत किती, तर १०० मोहरा! लोक हसले. परंतु पुढे तीच युक्ती नाव-गाव बदलून हजारोंच्या खेळांत आली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०१६ साली नव्या मुलुखांना ती लागू झाली, आणि जानेवारी २०१८ मध्ये जुन्या रानांनाही. वेस्टफॉलला १० ते ६० असा पल्ला मिळाला. म्हणजे खालची चौकट शाबूत राहिली, छप्पर उडाले.

छप्पर उडाल्याने काय बिघडले, असे विचारणारे भेटतात. वेस्टफॉलचे चोर पाहा. हे मूळचे गवंडी. त्यांनी राजधानी बांधून दिली आणि त्यांची मजुरी बुडवली गेली, म्हणून ते शेतांवर दरोडे घालू लागले. (माझी सहानुभूती, खरे सांगावयाचे तर, पुष्कळशी त्यांच्याच बाजूला आहे.) बाराव्या पायरीवर त्यांतले दोघे अंगावर आले तर पळता भुई थोडी होई. पुढे पन्नाशी गाठलेला योद्धा काही कामाने त्याच शेतातून जाऊ लागला, की ते करड्या आकड्यांचे चोर त्याच्यापुढे केविलवाणे दिसत. तो तलवार उपसत नसे. एवढ्या क्षणासाठी मनुष्य चाळीस पायऱ्या चढलेला असतो. नव्या व्यवस्थेत तोच गवंडी पन्नाशीच्या योद्ध्यासमोर पन्नाशीचा होऊन उभा राहतो. मजुरी बुडालेला हा गडी इतकी वर्षे कोणत्या तालमीत जात होता, हे कोणी सांगत नाही. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या नायकाबरोबर प्रत्येक प्रकरणात गावातला भुरटा चोरही तितकाच बलाढ्य होऊ लागला, तर माझा प्रकाशक हस्तलिखित परत पाठवील, आणि ते योग्यच होईल.

ह्यात एक हिशेबाची लबाडीही आहे. मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्यालाही ती कळते. तुम्ही विसावरून एकविसाव्या पायरीवर गेलात, लांडगाही गेला. लांडग्याचा जीव त्याच क्षणी वाढला. तुमच्या हातातली तलवार मात्र विसाव्या पायरीचीच राहिली. काल चार घावांत मरणारे जनावर आज पाच घाव मागते. म्हणजे बढती मिळाली आणि पगार कापला! नवी तलवार मिळेपर्यंत मनुष्य चढून दुबळा.

माझ्या वर्गातल्या एका मुलाशी ह्यावरून माझा वाद झाला. तो ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ खेळतो. त्या खेळात ऑक्टोबर २०१६ पासून ‘वन टॅमरिएल’ नावाची व्यवस्था आली आणि नवख्यालाही जवळजवळ साऱ्या जगात हिंडण्याची मुभा मिळाली. नवख्याचे बळच तेथे वर उचलून जगाच्या बरोबरीला आणून ठेवतात.

“सर, आता कुठेही जाता येतं,” तो म्हणाला.

“मग कुठे कुठे गेलास?”

“सगळीकडे.”

“आणि कुठून परत फिरलास?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “परत कशाला फिरायचं, सर?”

मुलगा हुशार आहे. त्याने माझ्याच बाजूचा मुद्दा सांगितला, हे त्याच्या ध्यानात आले नाही इतकेच. जेथून परत फिरावे लागत नाही, तेथे पुन्हा जाण्याची जिद्दही धरता येत नाही. दलदल, वाळवंट आणि बर्फाचा डोंगर ह्यांत मग फरक तो केवळ रंगाचा. भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरची पाने उलटावीत, तसा प्रवास.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नाही. ‘वन टॅमरिएल’च्या आधी त्या खेळात तीन पक्षांचे मुलूख वेगवेगळे होते; एका पक्षातल्या भावाला दुसऱ्या पक्षातल्या बहिणीबरोबर तिच्या मुलुखात हिंडता येत नसे. ते दरवाजे उघडले, हे चांगलेच झाले. परंतु दरवाजे उघडणे वेगळे आणि डोंगर सपाट करणे वेगळे. पहिल्यासाठी दुसरे अटळच होते, हे मला मान्य नाही.

दुसरे म्हणणे असे की गोष्ट अर्ध्यावर असतानाच खेळाडूची पायरी त्या मुलुखाच्या वर जाई, आणि पुढचे सारे मिळमिळीत होई. खरे आहे. पण ह्यावर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नेच २००९ साली किती साधा उपाय काढला होता! दहा सोन्याची नाणी देऊन अनुभव साठणे थांबवता येई. ज्याला गोष्ट पुरी करावयाची, त्याने स्वतः थांबावे. त्याच्यासाठी साऱ्या रानाने धावू नये.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार. थोरल्याने दोन महिने आधी सुरुवात केली, धाकटा मागून आला. दोघांनी एकत्र खेळावे कसे? घरात दोन भावंडे असलेल्या कोणालाही हा प्रश्न पटेल. परंतु त्याचे उत्तरही जुनेच आहे. २००४ सालच्या ‘सिटी ऑफ हीरोज’मध्ये, जो पुढे २०१२ साली बंद झाला, धाकट्याला थोरल्याचा साथीदार होता येई. तो थोरल्याच्या जवळ असेपर्यंत त्याचे बळ थोरल्याच्या जवळपास येई; हात सोडून लांब गेला की पुन्हा आपला मूळचा. आणि ऑगस्ट २०१२ मधला ‘गिल्ड वॉर्स २’ ह्याच्या उलट चालतो. तेथे रान जसेच्या तसे राहते. ऐंशीव्या, म्हणजे शेवटच्या पायरीचा योद्धा नवख्यांच्या क्वीन्सडेलमध्ये उतरला, की त्याचेच बळ त्या मुलुखापुरते खाली आणतात. शिकलेल्या विद्या मात्र त्याच्यापाशी राहतात, म्हणून तो नवख्याहून सरस ठरतोच. पण नवखा ऑरच्या प्रेतांनी भरलेल्या किनाऱ्यावर गेला, तर त्याला कोणी उचलून धरत नाही. थोरल्याने वाकावे, डोंगराने नव्हे. घरोघरी आजोबा नातवाशी पत्ते खेळताना हेच करतात, त्यासाठी ते पत्त्यांतून एक्के काढून टाकत नाहीत.

‘ज्यांना नोकरीधंदा सांभाळून तासभर खेळावयाचे, त्यांनी काय करावे?’ हा प्रश्नही विचारला जातो. त्यांनी तासभर खेळावे. तासाभराच्या माणसाला काळोखाची भीती वाटता कामा नये, असा काही नियम नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने जुना खेळ ‘क्लासिक’ ह्या नावाने पुन्हा उघडला: तीच रंगांची भाषा, तीच कवटी, तोच हॉगर. पहिल्या दिवसांत आत शिरण्यासाठी लोक तासन् तास रांगेत थांबले. ही निव्वळ वय झालेल्यांची आठवणींची हौस, असे म्हणणाऱ्यांनी माझ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीला भेटावे. २००४ साली ती जन्मलीही नव्हती. नवव्या पायरीवर असताना ती डस्कवुड पार करून आली, आणि कसे ते तिने मधल्या सुट्टीत तिघींना समजावून सांगितले: रस्ता सोडायचा नाही, कवटी दिसली की थांबायचं नाही, आणि डार्कशायरचे दिवे दिसेपर्यंत मागे वळून बघायचं नाही.